सातच्या आई

"तुम्ही सातच्या आई ना?"

बाबागाडीचं पुढचं चाक फुटपाथवरून खाली उतरलेलं, मागची दोन अजून वरच, अशा अर्धवट अवस्थेत मी थांबले. झेब्रा पट्ट्यांच्या अलीकडे एक बाई सायकलवर एक पाय टेकून उभी होती. हेल्मेट, काळा चष्मा, उन्हाने कोपरापर्यंत रापलेले हात. तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि मी तिला ओळखलं. शहरात माणसं चुकतात, चेहऱ्यासारखे चेहरे असतात. माफ करा, तुमचा काहीतरी घोळ होतोय, असं म्हणून माणूस सहज सटकू शकतो. ते वाक्य माझ्या तोंडात तयारही होतं. पण बाई वाकून गाडीत बघायला लागली होती, आणि माझी मुलगी, जी अनोळखी चेहरा दिसला की हटकून ओठ काढते, ती तिच्याकडे बघून हसली. "हीच का ती? अगं बाई, गाल बघा हिचे," बाई म्हणाली, आणि मग माझ्याकडे न बघता, "मी सहाची. ओळखलंत ना?" मागच्या मोटारीने हॉर्न दिला. "ओळखलं," मी म्हणाले. चाक अजून तसंच लटकत होतं.

त्या वॉर्डात बाळांना नावं नव्हती. दिवस भरायच्या आधी आलेली बाळं. त्यांना नाव ठेवायची घाई कुणी करत नाही. काचेच्या पेटीवर जो नंबर तेच बाळाचं नाव, आणि आपण त्या नंबरची आई. "तीनच्या आई, दूध आणलंत का?" "अकराच्या आई, हात धुतले?" माझी मुलगी एकोणीस दिवस सहा नंबरच्या पेटीत होती आणि नंतर घरी येईपर्यंत सातमध्ये. या बाईंचा मुलगा सोळा दिवस सातमध्ये होता आणि शेवटचे तीन दिवस सहामध्ये. म्हणजे आमची ओळख झाली तेव्हा मी सहाची होते आणि त्या सातच्या. भर रस्त्यात, बाबागाडी धरून उभी असताना, मी चाक तसंच लटकतं ठेवलं ते यामुळे. बाई अदलाबदलीनंतरचे नंबर सांगत होत्या. अगदी सहज, घराचा पत्ता बदलल्यावर माणूस नवा पत्ता सांगतो तसे.

अदलाबदल माझ्यामुळे झाली होती. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. मी औषधाच्या कंपनीत काम करते. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला जो बारीक अक्षरांचा कागद असतो, जो कुणी वाचत नाही, तो मी वाचते. दिवसभर वाचते. एखादा ठिपका एक घर सरकला तर शून्य पूर्णांक पाचचे पाच होतात आणि कुठेतरी कुणीतरी मरतं, म्हणून ठिपक्यांवर नजर ठेवायचा मला पगार मिळतो. त्या वॉर्डात स्टुलावर बसल्या बसल्याही मी तेच करत होते. तीन दिवस मी मोजलं. सिस्टर आपल्या टेबलावरून मान वर करते तेव्हा कुठल्या पेटीकडे किती वेळा बघते. सात नंबर टेबलाच्या समोरच होती. सहा खांबाच्या थोडी आड. एका तासात सातकडे बावीस वेळा बघणं झालं, सहाकडे सहा वेळा. दुसऱ्या दिवशी एकोणीस आणि पाच. मशीनं होती, लाल दिवे होते, काही बिनसलं तर टुंईटुंई वाजायची सोय होती, हे सगळं मला कळत होतं. पण मशीन वाजल्यावर बघणं आणि वाजायच्या आधी बघणं यात एका श्वासाचा फरक असतो, असं माझं पक्कं झालं होतं. औषधाच्याच एका कागदाच्या मागच्या बाजूला उभ्या रेघा मारलेल्या होत्या. तो कागद मी मोठ्या सिस्टरांच्या हातात दिला.

"हे काय, माझी तपासणी लावलीत का?" त्या म्हणाल्या. चष्मा खाली करून त्यांनी रेघा बघितल्या. "अहो आई, डोळ्यांनी जगवता आलं असतं तर आम्हाला पगार कशाला दिला असता?" पण मी रडले. मला रडायचं नव्हतं, पण रडू येतंय म्हटल्यावर ते आवरायचाही प्रयत्न केला नाही, हे मला आठवतंय. दुपारी दोन वाजता ड्यूटी बदलते, तेव्हा आम्हाला बाहेर बसवतात. दुसऱ्या दिवशी परत आत गेले तर माझी मुलगी सातमध्ये होती. टेबलासमोर. मी कुणाला काही विचारलं नाही. स्टूल उचललं आणि दोन पावलं पलीकडे ठेवलं.

चौथ्या दिवशी सकाळी साडेअकराला सहावर पडदा ओढला. मी हाताच्या अंतरावर होते. पडद्याच्या खालून मला तिघांचे पाय दिसत होते, आणि बराच वेळ ते पाय भराभर हलत होते, मग एकदम सावकाश हलायला लागले. थोड्या वेळाने बाई बाहेर आल्या. त्यांनी आपली पाण्याची बाटली उचलली, बेसिनपाशी जाऊन नीट विसळली, झाकण लावलं आणि गेल्या. बाटली विसळायचं कारण काय, हे मला आजवर कळलेलं नाही.

तर अशी मी सातची आई झाले. मुलगी घरी आली, वाढली, तिला दोनाचे चार दात आले, पण माझं मोजणं सुटलं नाही. ती दुपारी झोपली की मी बाजूला बसून तिच्या पोटाचं वरखाली बघायचे. सासूबाई म्हणायच्या, "अगं, झोपू दे तिला. तू काय पोलीस आहेस का?" नवरा चेष्टा करायचा: "आमच्याकडे कोण बघणार, आमचे श्वास फुकटचे." देव वगैरे माझ्या हिशेबात कधीच नव्हता. माझा विश्वास बघण्यावर होता. बघण्याला वजन असतं. ते एका जागेवरून उचललं की दुसरीकडे ठेवता येतं, आणि ज्या जागेवरून उचललं तिथे खड्डा पडतो. मी एकदा ते वजन उचलून आणलं होतं. आता ते हातातून खाली ठेवलं की संपलं.

"वॉर्डासाठी आम्ही दर वर्षी सायकली चालवतो," त्या दिवशी सिग्नलवर सहाच्या आई म्हणाल्या. "लोक किलोमीटरमागे देणगी देतात. यंदा नव्या पेट्या घ्यायच्यात. चार दिवस, चारशे किलोमीटर. येताय?"

"येते," मी म्हणाले. पोलिसांनी चला म्हटल्यावर माणूस चपला घालतो, तसं.

घरी अर्थातच तमाशा झाला. "पोर दीड वर्षाची नाही आणि आईला सायकल सुचतेय," सासूबाई कुकरशी बोलल्या. त्यांना माझ्याशी बोलायचं नसलं की त्या कुकरशी बोलतात. नवरा म्हणाला, "जा की. आम्ही काय जंगलात राहतो?" मग आत येऊन हळूच, "पण तुला जमेल का? तिला सोडून?" त्याला सायकल जमेल का असं विचारायचं नव्हतं. दोन महिने मी रविवारी सहाच्या आईंबरोबर सराव केला, आणि दर रविवारी वाटायचं, आज त्या बोलतील. आज म्हणतील, तुम्हीच ना ती रेघा मारणारी. त्या गिअर कधी बदलायचा ते सांगायच्या. "चढ दिसला की आधीच बदला. चढावर पोचल्यावर बदलाल तर चेन रडते." बस, एवढंच.

आम्ही तेवीस जण होतो. पुढे मास्तर, शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले, सत्तरीचे, पोटऱ्या लोखंडाच्या. त्यांचा एक नियम होता. दर अर्ध्या तासाने ते शिट्टी मारत, आणि मग ओळीतल्या प्रत्येकाने चालता चालता आपला नंबर ओरडायचा, पुढून मागे. एक नंबर जरी आला नाही तरी सगळी ओळ थांबायची. "श्वास सोडलात तरी चालेल, नंबर सोडायचा नाही," मास्तर निघताना म्हणाले. "मास्तर, श्वास सोडल्यावर नंबर आमचे बापजादे ओरडतील काय?" हे दातांचे डॉक्टर, त्यांचं पोट सायकलच्या आधी पोचायचं आणि जीभ पोटाच्याही आधी. सगळे हसले. सहाच्या आईंनी पाठीवर बांधायचा कापडी नंबर माझ्या हातात ठेवला. सात. "तुमच्यासाठी मागून घेतला," त्या म्हणाल्या. त्यांच्या पाठीवर सहा होता.

पहिला दिवस शरीराचाच होता. शहर संपेपर्यंत मी प्रत्येक खांबाला मागे टाकत होते आणि प्रत्येक खांबाबरोबर माझी मुलगी एका खांबाने लांब जात होती. छातीच्या आत एक दोरी असल्यासारखी ताणली जात होती. पहिल्या थांब्यावर मी घरी फोन केला. "झोपलीय," नवरा म्हणाला. "फोन तिच्या नाकापाशी धर," मी म्हणाले. त्याने धरला. फोनमध्ये आधी पंख्याची घरघर, आणि तिच्या खाली, अगदी खाली, ते आलं. मी डोळे मिटून मोजलं. दातांचे डॉक्टर केळं खात माझ्याकडे बघत होते. त्यांनी पाठ फिरवली, तेव्हा मला कळलं की माझ्या चेहऱ्यावर काहीतरी असं होतं, जे बघू नये.

शिट्टी वाजायची. "चार!" "पाच!" आणि मग माझ्या पुढ्यातून, मान न वळवता, "सहा!" आणि मला ओरडावं लागायचं. सात. अर्ध्या अर्ध्या तासाने, दिवसभर. पहिल्यांदा माझा आवाजच फुटला नाही, ओळ थांबली, मास्तर वळून आले आणि म्हणाले, "काय बाई, घशात साखर अडकली का?" पुढच्या वेळेपासून मी ओरडायला लागले. आपल्या तोंडाने आपला गुन्हा उघड्या रस्त्यावर ओरडायचा, आणि शेतातल्या माणसांनी कामावरून मान वर करून हात हलवायचा.

संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये गोल बसवून प्रत्येकाला विचारलं, तुम्ही का चालवता. कुणी म्हणालं, नोकरी गेल्यावर घरात बसून वेड लागायची पाळी आली होती, या सायकलीने जगायला कारण दिलं. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, मला इथे श्रद्धा सापडली, कुणावर ते विचारू नका. दातांचे डॉक्टर म्हणाले, "पोट उतरवायला आलो, तीन वर्षं झाली, पोटाची श्रद्धा अढळ आहे." माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "माझी मुलगी सात नंबरमध्ये होती. ती वाचली." टाळ्या पडल्या. बराच वेळ पडल्या. सहाच्या आईही टाळ्या वाजवत होत्या, आणि त्यांचे हात सगळ्यांच्या नंतर थांबले. त्यांची पाळी आल्यावर त्या म्हणाल्या, "मला बसून राहता येत नाही," आणि पुढच्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी माझी चेन पडली. मी खटपट करत होते. त्या मागे फिरून आल्या, सायकल उलटी केली आणि दोन बोटांनी चेन दातेरी चाकावर चढवली. मी विचारलं, कालचे आजोबा श्रद्धा म्हणत होते, तुम्हाला तसं काही वाटतं का. त्या हात पुसत म्हणाल्या, "माझी श्रद्धा म्हणाल तर या चेनवर. तेल घातलं की फिरते, नाही घातलं की कुरकुरते. उगीच दुसऱ्या कुणाची फिरवायची म्हणून माझी थांबवत नाही." मी त्यांच्याकडे बघत राहिले. टोमणा होता का? त्यांच्या चेहऱ्यावर तेलाचा एक ओरखडा होता, बाकी काही नव्हतं. त्या दिवशी मला उन्हाचा, घामाचा, मांड्यांचा त्रास जाणवलाच नाही. मी सारखी त्या एका वाक्याच्या भोवती फिरत होते, कुत्रं बसायच्या आधी जागेभोवती फिरतं तसं, आणि बसता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी चढ होता, आणि समोरून वारा. असा वारा की पॅडल मारूनही सायकल जागेवर उभी असल्यासारखी वाटावी. ओळ तुटली, मास्तरांनीच सांगितलं, ज्याने त्याने आपापल्या गतीने या, वर भेटू. आम्ही दोघी मागे पडलो आणि शेवटी उतरून सायकली ढकलायला लागलो. एका बाजूला फोडलेला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली कोरडी नदी. एका छोट्या पुलाच्या कठड्यावर आम्ही बसलो. त्यांनी बाटली पुढे केली. मी घेतली नाही. मला वाटलं, आता नाही बोलले तर मी या बाईच्या हातचं पाणी पिईन, आणि मग कधीच बोलणार नाही.

"पेट्या मी बदलायला लावल्या," मी म्हणाले. वाऱ्यात मला माझाच आवाज लांबून आला. "मी मोजत होते. सिस्टर तुमच्याकडे जास्त बघायच्या. मी कागद दाखवला, रडले, आणि त्यांनी तुमचं बाळ उचलून माझ्या जागी ठेवलं. खांबामागे. आणि चार दिवसांत..."

त्या पाणी पीत होत्या. त्यांनी घोट पुरा केला.

"सिस्टरनी मला विचारलं होतं," त्या म्हणाल्या.

"काय विचारलं होतं?"

"हलवू का म्हणून. सहाची आई फार घाबरलीय म्हणाल्या. मी हो म्हटलं." त्यांनी झाकण लावलं. "त्याच्या डोक्यात रक्त उतरलं होतं. डॉक्टरांनी आदल्याच दिवशी सांगितलं होतं मला, आता काही उपयोग नाही. म्हटलं, इथे टेबलासमोर येता-जाता सगळे बघतात. जाताना तरी पोराला जरा आडोसा असू दे."

सव्वा वर्ष मी जे पाठीवर घेऊन चालत होते, ते कुणीतरी मागून अलगद उचललं, आणि मी तोल जाऊन पुढे पडत होते.

"तुम्हाला काय वाटलं?" त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच. "तुम्ही मारलंत त्याला?" आणि त्या हसल्या. वाईट हसल्या. "एवढ्या मोठ्या नाही हो तुम्ही."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मी मुलीचा विचार करत होते. सात नंबरने तिला वाचवलं नव्हतं, तर मग कशाने? सिस्टर म्हणाल्या ते खरं होतं, डोळ्यांनी कुणी जगत नाही. तर मग आत्ता, या क्षणी, तिथे घरी, पंख्याखाली, तिच्या आणि न श्वास घेण्याच्या मध्ये काय होतं? काहीच नव्हतं. माझा गुन्हा होता तोपर्यंत निदान एक नियम होता. मी तो मोडला होता, पण तो होता. आता वारा होता, कोरडी नदी होती आणि डोंगर फोडून काढलेला रस्ता. माझ्या तोंडून रागच निघाला. "मग मला कशाला बोलावलंत? तो नंबर माझ्या पाठीला कशाला लावलात?"

त्यांचा आवाज एकदम बदलला, लहान झाला.

"तुम्ही त्याला बघितलंय म्हणून," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणी बघितलंच नाही हो त्याला. माझी आई पोचायच्या आत तो गेला. ह्यांना बघवायचं नाही, हे दारातूनच परत जायचे. फोटो काढू देत नव्हते. मला स्वतःला आठवायला गेलं की नळ्याच आठवतात. तुम्ही मात्र तासन् तास बघत बसायचात. मी मनात म्हणायचे, बाई चांगली आहे, आपलं टाकून माझ्या लेकराकडे बघते. सिग्नलवर तुम्ही दिसलात तेव्हा वाटलं, हिला विचारावं. धीर होईना. तो कसा होता? म्हणजे, काय काय करायचा? सांगा ना. काहीही चालेल."

मी आठवायला गेले. खरंच गेले. डोळे मिटले, स्टुलावर बसले, समोर सात नंबर आणली. टेबल दिसलं. सिस्टरची पांढरी टोपी, टोपीखाली खोचलेलं पेन, वर होणारी मान, वळणारे डोळे. बावीस वेळा. मला सिस्टरच्या उजव्या भुवईवरचा तीळ आठवला. काचेच्या आत काय होतं ते मला आठवलं नाही, कारण मी तिथे एकदाही बघितलं नव्हतं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, ओठ किंचित उघडे ठेवून, बाळाला भरवताना आई आपलंच तोंड उघडते तशा. काहीतरी सांगता आलं असतं. कानावर बारीक लव होती म्हणून सांगायचं, सगळ्यांनाच असते. मूठ आवळायचा म्हणायचं, सगळेच आवळतात.

"मी त्याच्याकडे बघत नव्हते," मी म्हणाले. "सिस्टरकडे बघत होते."

त्या उठल्या. पँट झटकली. सायकल सरळ केली आणि चढावर, त्या वाऱ्यात, सीटवर बसून पॅडल मारायला लागल्या. सायकल जवळजवळ जागेवरच होती. डावी-उजवीकडे झोकांड्या खात होती. उतरून ढकलणं जास्त वेगाचं झालं असतं, पण त्या उतरल्या नाहीत. मी खूप वेळ त्यांच्या पाठीवरचा आकडा लहान होताना बघत राहिले.

चौथ्या दिवशी उतार आणि सपाट रस्ता. दातांच्या डॉक्टरांनी गाणं म्हटलं, मास्तरांनी त्यांना शिट्टीने गप्प केलं. "पाच!" "सहा!" "सात!" त्यांचा आवाज होता तसाच होता. थांब्यावर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत आणि माझ्यापासून लांबही बसल्या नाहीत. मी फोन केला नाही. ठरवून नाही, तर फोन हातात घेतल्यावर काय विचारायचं ते सुचेना म्हणून. तिचा श्वास ऐकून मी काय करणार होते? पाय मात्र फिरत होते. त्यांचं त्यांना कारण होतं. मला कुठल्या बोधाचा साक्षात्कार झाला असं मी म्हणणार नाही. एवढंच की दुपारपर्यंत मला समजलं होतं, आतली ती दोरी तुटली आहे आणि तरी मी पडलेले नाही. तशी तुटलेलीच पॅडल फिरवत आहे.

हॉस्पिटलच्या दारात हारतुऱ्यांऐवजी सरबत होतं आणि एक फोटोग्राफर. मोठ्या सिस्टर खाली आल्या होत्या. केस पांढरे झाले होते. नव्या पेट्या बघायला दोन-दोन जणांना आत सोडत होत्या, पाच मिनिटं, कोपरापर्यंत हात धुऊन. "सहाच्या आई, सातच्या आई, या," त्यांनी हाक मारली. त्यांच्या दृष्टीने आम्ही जोडी होतो. सहाच्या आई काचेच्या दारापर्यंत आल्या, अंगावर हिरवा गाऊन चढवला, नाड्या बांधल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही जा." त्या काचेबाहेर उभ्या राहिल्या.

आत तोच उबट वास. देणगीच्या भरवशावर आधीच मागवलेल्या नव्या पेट्या ओळीने होत्या, अजून रिकाम्या, प्लॅस्टिक न काढलेल्या. जुन्यांपैकी खिडकीजवळच्या एकीत बाळ होतं, आणि स्टुलावर एक मुलगी बसली होती, विशी-बाविशीची, टाके दुखत असल्यासारखी एका बाजूला कलून. तिच्या चेहऱ्यावर ते होतं, जे दातांच्या डॉक्टरांनी बघायचं टाळलं होतं. ड्यूटीवरच्या सिस्टर दुसऱ्या टोकाला सुई लावण्यात गुंतल्या होत्या. मुलीने माझ्या गाऊनकडे बघितलं, मी कोण ते तिला कळलं नाही, आणि तिला पर्वाही नव्हती. "जरा बघाल का?" ती म्हणाली. "बाथरूमला जाऊन येते. सकाळपासून उठले नाहीये. उठले आणि काही झालं तर."

तुझ्या बसण्याने काही होत नाही, असं तिला सांगावं असं वाटलं. माझ्या बसण्याने तर त्याहून नाही. "जा," मी म्हणाले. "मी बघते."

स्टूल गरम होतं. मी सिस्टरकडे पाठ केली आणि काचेत बघितलं. मुलगा होता. माझ्या तळहातापेक्षा थोडा लांब. त्वचा इतकी पातळ की पोटावरची निळी शीर मला फाट्यापर्यंत मोजता आली असती; मोजली नाही. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटाकडे झुकलेली, जणू काहीतरी विचारायचंय. भुवया नव्हत्या, पण भुवयांच्या जागी आठी होती. त्याने एक छोटी जांभई दिली, अर्धीच. मग पोट थांबलं. मी त्याच्याकडेच बघत होते, एक पापणीही न हलवता, आणि माझ्या बघता बघता ते थांबलं, आणि ओठांभोवतीचा रंग राखाडी झाला. मी उठायच्या आत माझ्या खांद्यावरून एक हात आला. मशीन वाजलं होतं आणि मला ऐकूही आलं नव्हतं. सिस्टरने पेटीची खिडकी उघडून त्याच्या तळव्याला बोटाने टिचकी मारली. एक. दुसरी. त्याने आठी घातली आणि श्वास घेतला. "विसरतात हो," सिस्टर म्हणाल्या. "आठवण करावी लागते." आणि परत आपल्या सुईकडे गेल्या. काचेबाहेर सहाच्या आई उभ्या होत्या. माझ्याकडे बघत होत्या की आत त्याच्याकडे, ते मला कळलं नाही.

मुलगी भिंतीला धरत परत आली. हात ओले होते.

"काही झालं का?"

"झालं," मी म्हणाले. "श्वास थांबला होता. सिस्टरनी टिचकी मारली, दोनदा. दुसऱ्या टिचकीला घेतला."

तिने स्टुलाची कड घट्ट धरली. मला वाटलं, आता ही मला शिव्या देईल. "आणि?" ती म्हणाली.

"आणि मग त्याने आठी घातली. राग आल्यासारखी. त्याच्या आधी एक छोटी जांभई दिली होती, अर्धी. डाव्या पायाची करंगळी त्याची आत वळलेली आहे."

"हो?" ती काचेवर वाकली. "मी बघितलंच नव्हतं. आणि?"

मी सांगत गेले. पाच मिनिटं केव्हाच संपली होती आणि मला कुणी उठवत नव्हतं.